'मधली सुट्टी'चा बासवाला

बेल वाजली तेव्हा मी धिरडी घालत होते. लॉकडाऊनमध्ये बेल वाजली की आमच्या घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे, कारण येणारं कुणी नव्हतंच. शेजारची जिआ होती. बेल वाजवून ती पार फुटपाथपर्यंत मागे गेली होती. तिथूनच मास्कआडून म्हणाली, "डॅड गेले, हल्मोनी. सकाळी." तिला जवळ घ्यायची सोय नव्हती. मी नुसती चौकट धरून उभी राहिले. आणि खरं सांगते, रडूही फुटायच्या आधी मनात आलं ते त्या शेवटच्या गाण्याचं... आता ते परत कोण वाजवणार?

योंगहो म्हणजे मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागातला आमचा शेजारी, जिआचा बाप. हल्मोनी म्हणजे कोरियन भाषेत आजी. बापलेक दोघंही मला तेच म्हणायचे. बायको नर्स, कायम शिफ्टला, त्यामुळे हा माणूस सदा गाडी धुताना दिसायचा. बिचाऱ्याला नोकरी नाही असं मी परस्पर ठरवून टाकलं आणि अधूनमधून पोहे पाठवायला लागले. एकदा तो म्हणाला, सोलमध्ये माझा बँड आहे, मी बास, म्हणजे खर्जातली गिटार वाजवतो. बँडचं कोरियन नाव माझ्या जिभेवर बसेना, अर्थ होता 'मधली सुट्टी'. मी समजूत घातली, "असू दे, छंद असावा माणसाला." मग जिआने फोनवर व्हिडिओ दाखवला. हजारो माणसं त्यांच्याबरोबर गात होती, काही तर रडत होती. पोहे जात राहिले, पण त्यानंतर लिंबाची एक फोड जास्त जायला लागली.

विशीत मी ठाण्याला कोजागिरीच्या कार्यक्रमात भावगीतं म्हणायचे. अख्खी आळी माझ्यासाठी जमते अशी माझी खात्री होती. ती मसाला दुधासाठी जमायची. त्याच सुमारास एक चांगला सांगून आलेला इंजिनिअर मी नाकारला. का, तर तो गिटार वाजवतो! वाया गेलेली मुलं गिटार वाजवतात, असं मी चहाचा ट्रे हातात धरून त्याच्या आईला सुनावलं होतं. तीच मी सत्तरी ओलांडल्यावर, मेलबर्नच्या हिवाळ्यात, दोन शाली आणि वर मुलाचं जॅकेट चढवून गिटार ऐकायला ड्राइव्हवेत बसू लागले.

कुणी कुणाच्या घरी जायचं नाही असा नियम होता. म्हणून दुपारी तो गॅरेजचं शटर वर करायचा आणि मी आमच्या हद्दीत खुर्ची टाकायचे. मध्ये गुडघाभर कुंपण. तो एकेक अल्बम लावायचा आणि त्याची गोष्ट सांगायचा, आम्हा दोघांच्याही मोडक्या इंग्रजीत. कॉलेजातले चार मित्र. तळघरात सराव, पाऊस आला की अँप्लिफायर उचलून टेबलावर ठेवायचे. ड्रमर सक्तीच्या लष्करी सेवेत गेला, तर दुसरा न घेता तिघं त्याच्यासाठी थांबले. दुसऱ्या अल्बमला कंपनीने पांढरे सूट घालून नाचायला लावलं.

"आणि तुम्ही नाचलात?"

"नाचलो ना, हल्मोनी. म्हणून तर तो विकला गेला नाही."

कंपनी सोडली, पुन्हा छोट्या क्लबांतून वाजवायला लागले, आणि तिसऱ्या अल्बमने नाव झालं. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, स्पीकर बिघडलाय. हळूहळू त्या गोंगाटाखालची योंगहोची बास ऐकू यायला लागली, गर्दीत कुणीतरी आपला हात धरून चालावं तशी. त्यांचे श्रोते त्यांच्याबरोबरच पोक्त झाले, पोराबाळांना घेऊन यायला लागले. योंगहो मेलबर्नला आला तरी बँड सुटला नाही. कार्यक्रम असला की विमानाने जायचा.

आता विमानं बंद होती, आणि त्याच्या पोटात कॅन्सर निघाला होता. बँडला पंचवीस वर्षं झाल्याचा कार्यक्रम रिकाम्या सभागृहातून ऑनलाइन व्हायचा होता. त्यांची पद्धत अशी, की ताल मोजणारं मशीन लावायचं नाही. आधी बास, मग बाकीचे तिच्यावर. त्यामुळे तिकडे सोलमध्ये तिघं याच्या रेकॉर्डिंगची वाट बघत होते आणि इथे औषधांनी याच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. एकेका गाण्याला दोन-दोन दुपारी जायच्या. शटर वर जायला जरा उशीर झाला की मी खिडकीशी जाऊन उभी राहायचे.

"आई, तू त्याच्या शटरवर पाळत ठेवतेस," माझा निखिल लॅपटॉपमागून म्हणाला.

"मग काय तुझ्या मीटिंगवर ठेवू?"

शेवटचं गाणं राहिलं. त्या दिवशी त्याचा चेहरा पिवळट दिसत होता. मी ओठांवर बोट ठेवून बसले. बास खाली खाली उतरत गेली, वाटलं, आता हरवली... आणि नेमकी पहिल्या सुरावर येऊन टेकली. माझ्या तोंडून निघालं, "वा!" मैफलींत वाढलेल्या माणसाला हे आवरत नाही हो. विशीत तर जाणकार दिसावं म्हणून मी समेच्या आधीच 'वा' म्हणून मोकळी व्हायचे. या वेळी मात्र दाद अगदी समेवर पडली, आणि माइक चालू! योंगहो दचकला, क्षणभर रेंगाळला, हसला आणि शेवटपर्यंत वाजवून गेला.

"मेले मी! परत वाजव ना रे."

"उद्या," तो बोटं चोळत म्हणाला. "हल्मोनी, आमच्याकडे लोक गाणं संपेपर्यंत थांबतात."

दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं नाही. ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलात फक्त बायकोला जाता येत होतं. मग जिआने बेल वाजवली ती सकाळ... अंत्यविधी आम्ही स्क्रीनवर पाहिला.

बरेच दिवस धीर झाला नाही. शेवटी कुंपणापाशी मी जिआला विचारलं, "ते गाणं?"

"डॅडनी पाठवलं होतं. त्याच रात्री."

"माझ्या 'वा'सकट?"

"आय डोन्ट नो, हल्मोनी."

निखिल म्हणाला, "सॉफ्टवेअरने काहीही काढता येतं गं." मला त्याचीच भीती. माझा आवाज खुशाल काढा, पण त्याखाली योंगहोची बोटं होती, ती खरवडली गेली तर? की गाणंच वगळतील? पंचवीस वर्षांची त्यांची मेहनत, आणि तिच्या शेवटाला ठाण्याची एक बाई मध्येच ओरडते... झोप उडाली माझी.

गेल्या आठवड्यात तो कार्यक्रम झाला. पन्नाशीकडे झुकलेले तिघं, कानांत हेडफोन, समोर ओळीने रिकाम्या खुर्च्या. शेवटी ते गाणं सुरू झालं. बास उतरू लागली तशी मी निखिलचा हात घट्ट धरला. आणि त्या अख्ख्या सभागृहात एकच आवाज घुमला, "वा!"

ड्रमरने काठ्या हवेतच धरल्या. तिघंही थांबले, योंगहो रेंगाळला होता नेमकं तेवढंच. ती जागा त्यांनी किती वेळा घोटून बसवली असेल कुणास ठाऊक. गाणारा मान खाली घालून हसला. मग चौघंही एकदम पुढे निघाले.

जिआने ते गाणं माझ्या फोनमध्ये घालून दिलंय. मी ती जागा पुन्हा पुन्हा ऐकते. योंगहोला हसू येतं, आणि त्याचं हसून होईपर्यंत त्याचे मित्र थांबतात.