दोन्ही खांदे सारखे

मास्तरांना जाऊन चौदा महिने झाले, तरी दुकानात अजून तेच बोलतात. मला हे अजिबात खपत नाही, ते आधीच सांगून टाकते.

मास्तर म्हणजे आमचे शिंपीमास्तर. त्यांच्याकडे मी सव्वीस वर्षं काजं-बटणं केली, हातशिलाई केली आणि मापांची वही लिहिली. बुटका माणूस, ओठांत कायम दोन टाचण्या, त्यामुळे बोलणं अर्धंमुर्धं. इस्त्रीवाल्याशी त्यांचं रोज वाजायचं. माझं काज जरा वाकडं गेलं की अख्खा कोट माझ्या अंगावर यायचा. आता गेलेत म्हणून त्यांना देवमाणूस वगैरे मी म्हणणार नाही.

पण माप घ्यावं तर त्यांनीच. एका खोलीचं दुकान. गिऱ्हाईक आरशासमोर उभं, मागे बाकावर आणखी तिघंचौघं कान टवकारून बसलेली. मास्तर आकडे मोठ्याने सांगायचे आणि मी लिहायची. कुणाची कंबर वाढली असेल, तर ते मागच्या वर्षीचाच आकडा सांगायचे आणि टेपचं पत्र्याचं टोक टेबलावर वाजवायचे. एकदा वाजलं की अर्धा इंच. चारदा वाजलं की मी निमूट दोन इंच वाढवून लिहायची. गिऱ्हाईक खुशीत घरी जायचं आणि कपडा बरोब्बर बसायचा. हे त्यांनी मला कधी समजावून सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात मी ऐकला तसा आकडा लिहिला, ती पॅन्ट एका सद्गृहस्थांच्या पोटावर चढेना, आणि मास्तरांनी मला असं फैलावर घेतलं की पुढे टेबलाकडे माझा कान कायमचा लागला.

शाळेच्या बाई पहिल्यांदा आल्या त्या शाल गच्च आवळून. जन्मापासून डावा खांदा उतरलेला. शाल काढणं त्यांच्या जिवावर आलं होतं. मास्तरांनी टेप लावला, बाकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "दोन्ही खांदे सारखे," आणि टेबलावर तीनदा वाजवलं. मी लिहिलं : डावा दीड इंच खाली. कोटाच्या दोन्ही खांद्यांत पॅड घातले, डावीकडे जाड, उजवीकडे पातळ, अस्तराआड असे की हाताला कळू नयेत. कोट घालून बाई आरशासमोर बराच वेळ उभ्या होत्या. पुढे तेवीस वर्षं त्यांनी दुसऱ्या शिंप्याचं तोंड पाहिलं नाही. एकदा त्या आपणहून म्हणाल्या, "लहानपणी मला सगळे वाकडी म्हणायचे, मास्तर. वयाबरोबर सुधारलं असावं." मास्तर टाचण्यांमधून म्हणाले, "हं." बाईंचा त्या 'हं'वर विश्वास बसला होता.

मास्तर गेल्यावर दुकान मुलाकडे आलं. मुलगा वाईट नाही, पण संगणकावर शिकलेला आणि सुईला घाबरणारा. त्याने कापायला माणूस ठेवला आणि आरशाशेजारी संगणकाचा एक पडदा बसवला. तो पडदा समोरच्या माणसाचं माप बघूनच घेतो आणि मास्तरांच्या आवाजात बोलतो. आवाज मास्तरांनी गिऱ्हाइकांना फोनवर बोलून पाठवलेल्या निरोपांवरून काढला. अक्कल म्हणून माझ्या सव्वीस वह्यांचे फोटो घातले. वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, पहिल्या दिवशी ऐकून रडल्या आणि मग रोज येऊन बसायला लागल्या. खोटं कशाला सांगू, "या, बसा" ऐकल्यावर माझाही हात टाक्यावरच थांबला होता.

पण मी मुलाला विचारलं, "मास्तरांना विचारलं होतंस का रे?"

"काकू, बाबा काय नाही म्हणाले असते?"

"ते मला माहीत नाही. तुला तरी कुठे माहीत आहे?"

त्याने माझ्याकडे म्हातारीकडे बघावं तसं बघितलं.

गेल्या महिन्यात बाई नव्या कोटाचं कापड घेऊन आल्या. बाकावर त्यांच्याच शाळेतल्या दोन मुलांच्या आया बसल्या होत्या. बाई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि मास्तर बोलले. त्यांचाच आवाज, मधला टाचण्यांचा अडखळासुद्धा तसाच. "डावा खांदा उजव्यापेक्षा दीड इंच खाली. डावीकडे जाड पॅड लागेल. तेवीस वर्षं हेच माप आहे."

बाकावरच्या दोघींनी एकदम बाईंच्या खांद्याकडे पाहिलं. बाईंचा हात खांद्यावर गेला. त्या कापड तिथेच टाकून निघून गेल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलाला मी नाही नाही ते बोलले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीचं पान माझ्यापुढे धरलं. "यात चुकीचं काय आहे, काकू? अक्षर तुमचंच आहे ना?"

अक्षर माझंच होतं. टकटक मी कधी कुठे लिहिली नव्हती. मी त्याला ती समजावून सांगितली, तर त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "मग सोपं आहे. कुठल्या गिऱ्हाइकाला किती खोटं सांगायचं त्याची यादी द्या, बाबांना तसं बोलायला लावतो." तिसऱ्या दिवशी मी कापड उचललं आणि बाईंच्या घरी गेले.

बाईंनी दार उघडलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. पलंगावर सहा कोट पसरले होते, सगळ्यांची अस्तरं उसवलेली. शेजारी दोन रांगांत पॅड मांडून ठेवले होते, सहा जाड, सहा पातळ.

"तोंडावर सारखे म्हणायचे आणि मागे तुम्हाला हे लिहून द्यायचे," बाई म्हणाल्या. "दोघं मिळून हसत असाल."

"नाही हो बाई. ते टेबलावर वाजवायचे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." मी त्यांच्या टेबलावर बोटाने तीनदा वाजवून दाखवलं. माझं मलाच ते खोटं वाटलं. "मनात तुमच्याबद्दल काही वाईट नव्हतं त्यांच्या. मी शपथेवर सांगते."

"त्यांच्या मनातलं तुम्ही नका सांगू. परवा त्यांच्याच आवाजात ऐकलंय मी," बाई म्हणाल्या. "आधी तो मुलगा त्यांच्या वतीने बोलला, आता तुम्ही आलात."

त्यांनी पॅड एका पिशवीत भरले आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेला जाताना दुकानावरून गेल्या. अंगात मास्तरांचाच करडा कोट होता, पॅड काढलेला. डावा खांदा पार बसला होता आणि त्या बाजूची बाही बोटांपर्यंत लोंबत होती. मास्तरांच्या हातचा कोट कुणाच्या अंगावर इतका वाईट बसलेला मी सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता.