डेडस्टॉक नंबर चारशे सतरा

“मराठी? अहो सर, त्या मशीनला मराठी येतच नाही.” मुलुंडहून बाई फोनवर एवढ्या ओरडल्या की घाटकोपरला माझ्या ऑफिसच्या खिडकीतली कबुतरं उडाली. “आधी सांगा, कोणती की दाबलीत?”

काय सांगणार, सगळ्याच दाबल्या होत्या.

या बाईंनी आम्हा वीस मुख्याध्यापकांना आठ दिवस कॉम्प्युटर शिकवला होता. वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या, पण पहिल्याच दिवशी त्यांनी दम भरला की पडद्याच्या काचेला हात लावायचा नाही. तेव्हापासून मी घरच्या टीव्हीवरची धूळसुद्धा लांबून फुंकर मारून उडवत होतो.

शुक्रवारी दुपारी मशीन शाळेत आलं. शनिवारी तीनला शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. मुख्याध्यापकाला स्वतःला ते चालवता आलं नाही, तर मशीन दुसऱ्या शाळेत जाणार होतं. आमच्या आठवीच्या पोरांनी खोलीबाहेर चपला काढून सकाळपासून रांग लावलेली.

मी वरचं कापड काढलं, तर बटण दाबायच्या आधीच पडद्यावर पांढरंशुभ्र मराठी: डे. स्टॉ. क्र. ४१७. मशीन चालू केलं, बंद केलं, प्लग उपटला. अक्षर हलेना. मशीनला आमच्या सामानाच्या रजिस्टरातला नंबर कळला कसा? ऑफिसातला फोन आणि ती खोली यांच्यामध्ये मी इतक्या फेऱ्या मारल्या की तेवढ्यात चालत बोरिवली गाठली असती.

“पुसायची कमांड दिलीत?” बाई.

“दिली. बाकी सगळं जातं, हेच जात नाही.”

“मग मला काही कळत नाही सर,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

पावणेतीन वाजले. चित्रकलेचे मास्तर तासभर ऑफिसच्या दारात हाताची घडी घालून उभे होते. ते शांतपणे म्हणाले, “हेडसर, ऑइल पेंट आहे तो. नंबर काल संध्याकाळी मीच घातला.”

“काचेवर?”

“ठळक, समोरच्या बाजूला. तुमचाच हुकूम आहे.”

हुकूम माझाच, तोही लेखी: नंबर पडल्याशिवाय कुठल्याही वस्तूने शाळेत रात्र काढायची नाही. बाकं, घंटा, पृथ्वीचा गोल, कुणी सुटलं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या सांगाड्याच्या तर कपाळावर नंबर होता.

“मग इतका वेळ बोलला का नाहीत?”

“तुम्ही फोनवर होतात.”

रॉकेलचा बोळा घेऊन मी देवाचं नाव घेत काचेला हात लावला. ‘डे. स्टॉ. क्र.’ गेलं आणि साहेब आत आले. त्यांनी रजिस्टर उघडलं, उरलेल्या ४१७ शी ताडून पाहिलं आणि बरोबरची खूण केली.

“चालवून दाखवू का साहेब?” माझ्या बोटांना रॉकेलचा वास येत होता.

“राहू द्या,” ते म्हणाले. “नंबर घातलाय ना, बास.”