अक्कांनी घेतलेली सुट्टी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या तुळजापूरच्या लॉजवर पाय ठेवायला जागा नव्हती. अश्विनी पौर्णिमेची गर्दी, काउंटरवर माझ्यासमोर चाव्या मागणारी माणसं. सोलापूरच्या दवाखान्यातून दादा बोलत होते. दादा म्हणजे माझे थोरले दीर, अक्कांचे मालक. "सुमन, गेली गं ती..." एवढंच म्हणाले, आणि मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. समोरचं गिऱ्हाईक विचारत होतं, "बाई, ज्यादा गादी मिळंल का?" मी म्हणाले, "मिळेल." गादी काढून दिली, उशी दिली, त्यांचं नाव लिहून घेतलं. मग चादरींच्या कपाटाआड जाऊन खाली बसले. लॉज चालवणाऱ्या घरात रडायलाही एखादी खोली रिकामी असावी लागते. त्या दिवशी एकही नव्हती.

अक्का माझ्या थोरल्या जाऊ. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं बोलता बोलता कानडी यायची. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "झोप झाली का? हितं झोप मिळंल तवा घ्यायची. वाट बघत बसू नको." तेव्हा मला ती थट्टा वाटली. पुढं कळलं, की सगळ्या जगाला सुट्टी लागली की आमच्या घराला काम लागतं. दिवाळी, नाताळ, मे महिना... शाळा बंद झाल्या की गाड्या भरभरून माणसं देवीला येणार. आम्ही दोघी चादरी धुणार, अभ्रे बदलणार, जिने पुसणार. गच्चीवर चादरी वाळत घालताना अक्का मधेच थांबायच्या, कमरेवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "साकु गं. साकु झालं." साकु म्हणजे पुरे. असं म्हणायच्या आणि पुढची चादर झटकायला घ्यायच्या. त्यांची एकुलती एक लेक गौरी काउंटरमागं बसून अभ्यास करत आणि चाव्या देत मोठी झाली. लग्न होऊन पुण्याला गेल्यावर ती फारशी यायची नाही. "आई, तिथं आलं की मीसुद्धा कामालाच लागते," असं एकदा तिनं तोंडावर सांगितलं. मला राग आला होता. अक्कांना नाही आला. "खरं हाय तिचं," म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत गौरी आली, दोनच दिवसांसाठी. बरोबर तिची लेक अन्वी, चौथीतली. येताना तिनं पुण्याहून चॉकलेटची लादी आणली होती. फोनवर कसलासा व्हिडिओ बघून तिला आजीसोबत कुकीज करायच्या होत्या, अर्ध्या चॉकलेटमध्ये बुडवलेल्या. आमच्याकडं दिवाळीला पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि बिस्किटं भाजून आणायची, एवढीच आमची अक्कल. अन्वी म्हणाली, "ओव्हन नसला तरी चालतो आजी. पातेल्यात मीठ टाकायचं आणि वर ताटली ठेवायची. एकदम सोप्पं आहे."

अक्का मैदा चाळता चाळता हसल्या. "सोपं असतंय ते मोकळ्या बाईला, बाळा."

तरी त्यांनी मनावर घेतलं. लोणी आणि पिठीसाखर फेसून फेसून पांढरी केली, अन्वीनं इवल्या हातांनी गोळे वळले, चपटे केले. ताटली पातेल्यात ठेवली आणि काउंटरची बेल वाजली. लातूरची मोठी मंडळी आली होती. अक्का खोल्या दाखवायला वर गेल्या, मी पाण्याचं बघायला गेले, गौरी चाव्या द्यायला बसली. कुकीजजवळ एकटी अन्वी... आणि गॅसला हात लावायचा नाही, असं आम्हीच तिला बजावलेलं. आम्ही परत आलो तेव्हा स्वयंपाकघरात धूर झाला होता. पोरगी रडली नाही. तिनं सुरीनं काळी बाजू खरवडली, एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "छान लागतंय आजी." तिनं हट्ट केला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी निघून गेल्या. चॉकलेटची लादी तशीच कागदात राहिली.

त्यानंतरच्या वर्षात अक्कांना दम लागायला लागला. दुसऱ्या मजल्यावर जाताना मधल्या पायरीवर बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "वय झालं." आम्हीही ऐकून घेतलं, कारण प्रत्येकाच्याच हातात काही ना काही असायचं. मग गेल्या नाताळच्या आधी एकदा जेवताना त्यांनी दादांना सांगितलं, "औंदा नाताळात तीन दिस लॉज बंद. अन्वी येणार हाय."

दादांचा घास हातातच राहिला. "नाताळात? लोक हसतील."

"हसू द्या."

"खुळी झाली का तू?"

"खुळी न्हाय. दमले म्या."

एवढं त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. नाताळात फाटकाला आतून कुलूप लागलं, 'खोल्या शिल्लक नाहीत' ही पाटी बाहेर लागली. अक्कांनी नवी लादी मागवली, लोणी कढवू दिलं नाही, सगळं काढून ठेवलं. आणि गौरीचा फोन आला. जावईबापूंच्या ऑफिसातल्या मंडळींबरोबर त्यांचं गोव्याला जायचं ठरलं होतं. "आई, पुढच्या सुट्टीत नक्की..." अक्का म्हणाल्या, "जा गं, फिरून या. पोरीला समुद्र दाखव." फोन ठेवून त्या बराच वेळ ओट्याजवळ उभ्या राहिल्या. दादा दारातून म्हणाले, "मग उघडतो फाटक."

"न्हाय उघडायचं," अक्का म्हणाल्या. "सुमन, पीठ घे."

त्या दुपारी आम्ही दोघींनी कुकीज केल्या. बेल नव्हती, हाका नव्हत्या. मिठावर ताटली ठेवून आम्ही तिच्यासमोरच बसून राहिलो, दुसरं काही न करता. कडा बदामी झाल्या तशा उतरवल्या. गरम पाण्यावर वाटी ठेवून चॉकलेट वितळवलं. अक्कांनी पहिली कुकी बुडवली ती बोटांसकट. हसू लागल्या, हसता हसता दम लागला, भिंतीला टेकल्या... डिसेंबरचा गारवा, चॉकलेट बघता बघता घट्ट झालं. आम्ही जिन्यात बसून खाल्ल्या. मी म्हणाले, "अक्का, खरंच सोपं होतं की." त्या म्हणाल्या, "व्हय की."

मग त्या उठून वरच्या मजल्यावर गेल्या. रस्त्याकडच्या खोलीत, मीच घातलेल्या चादरीवर आडव्या झाल्या. इतकी वर्षं त्या खोलीत त्या फक्त वाकून वावरल्या होत्या. थोड्या वेळानं वरून आवाज आला, "मालक, गरम पाणी मिळंल का?" मी दादांकडं बघितलं. वाटलं, आता आवाज चढणार. दादांनी बादली भरली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि एकेक पायरी चढत स्वतः वर नेऊन दिली. खाली आले तेव्हा अर्धं धोतर भिजलं होतं.

तीन दिवसांनी फाटक उघडलं. पुन्हा चादरी, पुन्हा जिने. बदललं ते एवढंच, की त्यानंतर अक्का दुपारचा चहा खाली बसून, पाय पसरून प्यायच्या. बेल वाजली तरी कप रिकामा होईपर्यंत उठायच्या नाहीत. नवरात्रात मात्र तेही जमलं नाही. हृदय फार थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला ते आता कळलं.

अन्वी मातीला आली होती. उंच झालीय. आजीला समुद्राचे फोटो दाखवायचे राहिले, एवढंच म्हणाली.

परवा दुपारी मी चहा ओतत होते. दादा स्वयंपाकघरात आले. इतक्या वर्षांत ते माझ्यासमोर कधी इथं बसले नव्हते. त्या दिवशी भिंतीला टेकून खाली बसले, मी कप पुढं केला. तेवढ्यात बेल वाजली. सवयीनं मी पदर खोचून उठले.

"बस," दादा म्हणाले. "वाजू दे जरा."

बेल पुन्हा वाजली. आम्ही चहा संपवला.