मिठाचा डबा

देशमाने डॉक्टर गेल्याचं मला बार्शी गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं, तिकीट फाडता फाडता. “तुमचे जनावराचे डॉक्टर गेले की, बाई.” वैरागच्या दवाखान्यातून सायकलवर आमच्या गावी येणारा तो उंच, खोकणारा माणूस... मी उलट्या पावली घरी आले. बार्शीचं काम तसंच राहिलं. त्याला आता महिना होत आला.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती दोन-तीन वर्षं. वासरांच्या हगवणीसाठी डॉक्टर गोळ्या देत. वासरू जरा उभं राहिलं की मी उरलेल्या गोळ्या चहाच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवी. चार बुकं शिकलेली म्हणून गल्लीत माझा शब्द चाले. कुणाचं वासरू पातळ हगलं की मी डबा घेऊन हजर, अर्धी गोळी आज, अर्धी उद्या. मोठी मिजास होती मला त्या डब्याची.

मग शेजारच्या गंगूबाईंचं वासरू गेलं, माझ्या अर्ध्या-अर्ध्या गोळ्या घेऊनही. आठ दिवसांत आमच्या चंद्री गाईचं वासरू आडवं झालं. या वेळी डॉक्टरांनी स्वतः पुरत्या गोळ्या दिल्या, तरी गुण येईना. त्यांनी डबा मागितला, आत पाहिलं आणि गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले.

“गोळी खोटी न्हाय, वहिनी. जंतू निबर झाल्यात. अर्ध्या-अर्ध्या गोळ्या देऊन आपणच केलं त्यांना निबर.”

आपणच, म्हणाले. तुम्ही म्हणाले नाहीत. मला गंगूबाईंचं वासरू आठवलं. डॉक्टरांनी गोळ्या काढून घेतल्या, डबा धुवायला लावला आणि त्यात मीठ भरायला सांगितलं. “उकळून गार केलेलं पाणी, चिमूटभर मीठ, गुळाचा खडा. घोटघोट पाजत ऱ्हावा. आन् ज्या दारांत गोळी घिऊन गेला, त्याच दारांत आता हे घिऊन जावा.”

चौथ्या दिवशी चंद्रीचं वासरू उभं राहिलं. मग मी मिठाचा डबा घेऊन त्याच दारांत जाऊ लागले, गंगूबाईंच्या दारात तर रोज. गावाला डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की ती गोळी आता चालत नाही. माझं नाव त्यांनी कधीच कुणापुढं घेतलं नाही. त्या उपकाराखाली मी इतकी वर्षं निवांत राहिले, हे लिहितानाही लाज वाटते.

डॉक्टर गेल्याची बातमी ऐकून घरी आले त्याच दुपारी गंगूबाई दारात आल्या, वासराला हगवण लागली म्हणून. मी डबा घेऊन गेले. पाणी पाजता पाजता एकदाचं बोलून टाकलं, की तुमचं ते वासरू माझ्या अर्ध्या गोळ्यांपायी गेलं.

गंगूबाई वासराची मान धरून होत्या. मान न सोडता म्हणाल्या, “ठावं हाय की. नुसत्या मिठापायी कोण रोज दारात येतंय?”

थोड्या वेळानं त्यांनीच डब्याचं झाकण लावून तो माझ्या हातात दिला. “उद्या या परत.”