उंडीच्या तेलाचा वास

"मिस्त्री, रविवारी तू आमच्या गाडीचं ओरडणं बंद केलंस. आता तिने थांबणंही बंद केलंय. चल, बघ येऊन."

बापूसाहेब वकील स्वतः माझ्या दारात आले होते, आणि तेही चालत. आवाज चढलेला नव्हता. कोर्टात ते उलटतपासणी याच आवाजात घेत, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

तेव्हा रत्नागिरीत मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मी मुंबईच्या एका वर्कशॉपमध्ये सहा वर्षं काम शिकून गावी परतलो होतो. स्वतःचं गॅरेज नव्हतं. ज्याची गाडी बिघडेल त्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आंब्याच्या सावलीला मी जॅक लावायचो. घरातली सगळी माणसं भोवती उभी राहून सल्ले द्यायची. सगळा धंदा नावावर होता आणि ते नाव जेमतेम दोन वर्षांचं होतं.

वाटेत मी विचारलं, "कुणाला लागलं का?"

"माणसाला नाही. बंदराच्या उतारावर ब्रेक लागेना. सदूने गाडी कडेच्या दगडी गडग्यावर घातली. एक दिवा फुटला, गडग्याचे दगड खाली आले."

सदू त्यांचा ड्रायव्हर. त्याआधी वीस वर्षं तो त्यांची बैलगाडी हाकत होता. मोटार घेतल्यावर बापूसाहेबांनी त्यालाच चालवायला शिकवलं. बैल विकले, पण माणूस ठेवला. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "शनिवारी मुलीला लांज्याला सासरी पोचवायचंय. एवढे उतार आहेत वाटेत. मी मुंबईला पत्र लिहून ठेवलंय, शिकलेला ड्रायव्हर पाठवा म्हणून. तुझं काय ते समजलं की टपालात टाकायचं का ते ठरवतो. चूक तुझी असेल तर मिस्त्री बदलेन, त्याची असेल तर ड्रायव्हर."

झालं, म्हणजे आमच्या दोघांपैकी एकाचं पोट त्या ब्रेकमध्ये अडकलं होतं.

ब्रेक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. चाकाच्या आत लोखंडी ड्रम असतो, पातेलं पालथं घालावं तसा. तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू. शूवर लायनिंग, म्हणजे जाड विणलेला पट्टा, रिव्हेटने ठोकलेला. पायाने पेडल दाबलं की शू फाकतात, लायनिंग ड्रमला घासते आणि गाडी थांबते. सगळं काम घासण्याचं. आपल्या रस्त्यांची तांबडी धूळ आत गेली की ती लायनिंगवर दाबून बसते, वरचा भाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ब्रेक किंचाळतो.

बापूसाहेबांची गाडी तशीच किंचाळत होती. कोर्टाच्या आवारात शिरली की पक्षकार दचकून बाजूला व्हायचे. रविवारी मी चारी ड्रम उघडले. धूळ ब्रशने झाडली, लायनिंगला सँडपेपर मारून ती खरबरीत केली, पुढची कड कानशीने जरा उतरवली. रिव्हेट वर आले नाहीत ना, ते बोटाने तपासलं. गाडी मुकाट झाली. मी बेहद्द खूश. वहिनींनी, म्हणजे बापूसाहेबांच्या पत्नीने, पोटभर आंबोळ्या वाढल्या. आणि त्या खुशीतच एक वाक्य बोलून गेलो होतो, ते पुढे येईल.

बुधवारी खळ्यात पोचलो तेव्हा गाडी मुसक्या बांधलेल्या जनावरासारखी उभी होती. सदूदादा पायरीवर बसून होते. वयाने ते माझ्या वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचो. त्यांनी मान वर केली नाही.

जॅक लावला, पुढचं चाक काढलं, ड्रम ओढला. आत काळं, ओलं, चकचकीत. लायनिंग तेलाने तट्ट भरलेली. आधी वाटलं, आसाचं ग्रीस गळलं असेल, म्हणजे चूक माझीच. पण बोट लावून वास घेतला, तर तो ग्रीसचा नव्हता. कडू, उग्र, लहानपणापासून नाकात बसलेला वास. उंडीच्या तेलाचा. कोकणात बैलगाडीच्या आसाला तेच घालतात.

चारी ड्रममध्ये तोच वास. मग मी ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला. तिथे बांबूचं नळकांडं होतं, तोंडाला चिंधीचा बोळा. बैलगाडीखाली टांगलेलं असतं तेच.

बापूसाहेब कोर्टात गेले होते. मी नळकांडं घेऊन सदूदादांसमोर बसलो.

"दादा, हे तुम्ही घातलंत?"

"व्हय. रोज सकाळी. फटीतनं थोडं थोडं." त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "चाक वराडाय लागलं त त्याला त्याल नको? पुन्ना वराडू नये म्हनून घातलं. आनि तुमीच त म्हनालात मिस्त्री, बैलगाडीवानी सांबाळा गाडी."

हेच ते वाक्य. रविवारी आंबोळ्या खाऊन, हात पुसत, मी ऐटीत म्हणालो होतो, "दादा, आता गाडी तुमच्या बैलगाडीसारखी सांभाळा." चेष्टेत. त्यांनी ते मनावर घेतलं. ड्रम उघडला होता तेव्हा ते बैलांच्या सवयीने समोर, बॉनेटपाशी उभे होते आणि त्यांना चाकापाशी बोलावून आत काय आहे ते दाखवायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. ड्रायव्हरला काय करायचंय, असं वाटलं होतं. मला माझीच लाज वाटली.

"दादा, आस फिरतो म्हणून त्याला तेल. इथे घासूनच थांबायचंय. इथे तेल म्हणजे उतारावर साबण."

त्यांनी ड्रममध्ये पाहिलं. मग दोन बोटं लायनिंगवर घासली, ती घसरली. "म्हंजे ताईस्नी मीच मारलं असतं," एवढंच म्हणाले. ताई म्हणजे बापूसाहेबांची लांज्याची मुलगी. तिला त्यांनी बैलगाडीतून शाळेत पोचवलेलं.

संध्याकाळी बापूसाहेब आले. खरं सांगतो, दोन पर्याय डोक्यात येऊन गेले. ग्रीस गळलं म्हणावं, तर माझं नाव जातं. तेल घातलं एवढंच सांगावं, तर दादा जातात. शेवटी दोन्ही गोष्टी सांगितल्या. तेल त्यांनी घातलं, आणि मीच ते घालायला लावलं.

बापूसाहेब नळकांड्याचा वास घेत म्हणाले, "म्हणजे दोन आरोपी आणि दोघेही कबूल. माझं काम काय उरलं मग?" पण पत्र टेबलावरच होतं. "शनिवारपर्यंत गाडी थांबली पाहिजे. नुसतं सांगून नाही, उतारावर."

नवी लायनिंग मुंबईहून बोटीने यायला आठ दिवस. मग जुनी पद्धत. शू काढून पेट्रोलने धुतले. ब्लोलॅम्प, म्हणजे ज्योत फेकणारा स्टोव्ह, लांबून धरून लायनिंग तापवली. तेल घामासारखं वर यायचं, ते पुसायचं, पुन्हा तापवायचं. आठ शू, दोन दिवस. पुसायला दादा. खळ्यात उंडीचा असा धूर झाला की वहिनींनी दारंखिडक्या लावून घेतल्या. शुक्रवारी शेवटच्या शूतून धूर यायचा थांबला. सँडपेपर मारून सगळं बसवलं. या वेळी चारी ड्रम दादांच्या हाताने बसवले.

टेस्टला बापूसाहेब मागच्या सीटवर बसले. पत्र खिशात. दादा चालवायला, मी शेजारी. त्याच उतारावर, त्याच पडलेल्या गडग्याच्या अलीकडे दादांनी पेडल दाबलं. गाडी थांबली. जागच्या जागी. फक्त थांबताना एक बारीक किंकाळी मारली. तापवलेल्या लायनिंगला ती खोड राहतेच.

मी चपापलो. रविवारी याचसाठी तर मला बोलावलं होतं.

बापूसाहेबांनी विचारलं, "हा आवाज जाईल?"

"नवी लायनिंग आल्यावर. तोवर राहील."

"राहू दे," ते म्हणाले. मग पुढे वाकून पडलेल्या दगडांकडे बघत राहिले. "सदू, बुधवारी तू इथेच का घातलीस रे गाडी? बाजूला मोकळा रस्ता होता."

"मोकळ्या रस्त्याच्या टोकाला खाली बाजार व्हता, सायेब. बैल उधळलं तरी मी बांधालाच घालायचो."

बापूसाहेबांनी पत्र काढलं, चार तुकडे केले आणि पुन्हा खिशात ठेवले. रस्त्यावर कागद टाकायची त्यांना सवय नव्हती.

शनिवारी ताई लांज्याला सुखरूप पोचली. वाटेतल्या प्रत्येक उतारावर गाडी ओरडली म्हणे, आणि प्रत्येक वेळी ताई हसली.

त्यानंतर तीसेक वर्षं मी ब्रेकची कामं केली. प्रत्येक घरी ड्रम उघडला की आधी ड्रायव्हरला बोलावून त्याचं बोट लायनिंगवर फिरवायला लावायचो, मगच पुढचं काम. लोक कंटाळायचे. अर्धा तास जास्त जायचा. पण बंदराच्या उतारावरचा तो गडगा पुन्हा रचायला मला आणि दादांना दोन दिवस लागले होते.