सहावं भोक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द झाले — नुसता थकलोय मी. म्हणून तुम्हाला सांगतो.

दोन हजार चारच्या सुमारास मी टेक्सासमधल्या शुगर लँडजवळच्या एका मशीन शॉपमध्ये इंजिनिअर होतो. सुधाकरकाका आमच्याच कॉलनीतले, मूळचे नागपूरचे, सर्जन. रविवारी रेंजवर जाऊन कागदी टार्गेटवर रिव्हॉल्व्हर चालवायचं, हा त्यांचा एकमेव नाद. ऑपरेशन काय आणि नेम काय, हात स्थिर पाहिजे, म्हणायचे.

त्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमधली, गोळ्या बसतात ती सहा भोकं सारखी नव्हती. तोंडाशी कुठलं अरुंद, कुठलं सैल — मग गोळ्या विखुरतात. सगळी एका मापाला आणायची होती. बंदुकांच्या दुकानात द्या म्हटलं, तर म्हणाले, "घरचा माणूस असताना परक्याकडे कशाला?" झालं.

शनिवारी शॉप रिकामं होतं. एकेक भोक रीमरनं, म्हणजे भोक मापाला आणायच्या दातेरी हत्यारानं, कापत गेलो. पाच सुरेख उतरली. सहाव्याच्या वेळी घाई — संध्याकाळी कुणाकडे तरी सत्यनारायण, हिचे फोनवर फोन. रीमर पुसायचा राहिला. धातूचा कीस अडकला, भोक मोठं झालं, आत ओरखडे पडले. मी माप घेतलं. बघितलं. आणि स्वतःशीच म्हटलं — चालून जाईल.

किती सहज म्हणतो ना आपण हे? पुण्याच्या वर्कशॉपपासून माझ्या तोंडात बसलंय ते.

सांगितलं असतं तर नवं सिलिंडर मागवता आलं असतं. पण सिलिंडर परत द्यायला गेलो त्या दिवशी काकूंनी माझ्यासाठी मुद्दाम गोळाभात केला होता, आणि काका चारचौघांत सांगत होते, पोरगा हाताचा पक्का आहे म्हणून. मी जेवलो. चांगला दोनदा वाढून घेतला.

पुढे रेंजवर पाच गोळ्या नेमक्या जागी लागायच्या आणि एक भलतीकडे. काकांनी आधी चष्मा बदलला. मग उकाड्याला दोष दिला. सिलिंडरला कधीच नाही. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर त्यांनी भोकांवर खुणा करून तपासलं असतं, इतके काटेकोर ते. पण — "ते तू केलंयस, तिथे काय बघायचं?" आणि एका रविवारी, कागद हातात घेऊन, "हात हलायला लागला रे माझा."

मी शेजारीच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. का नाही बोललो? ते रागावलेही नसते कदाचित. 'हाताचा पक्का' एवढं टिकावं, बाकी काही नाही.

काकांनी तपासण्या केल्या, काहीच निघालं नाही. पण शंका मनात ठेवून पेशंटला हात लावणार नाही, म्हणाले, आणि ऑपरेशनं सोडली. निरोपाच्या जेवणात म्हणाले, "कागदावर कळलं ते बरं. टेबलावर कळलं असतं तर?" सगळे हळहळले. मीही तसा चेहरा केला.

मध्यंतरी त्यांच्या घरामागच्या लाकडी डेकवर माझ्या मुलीच्या बोटात लाकडाचं कुसळ घुसलं. खोल. काकांनी सुई घेतली, मला टॉर्च धरायला सांगितला. काढलंसुद्धा — तिला कळलंच नाही. "इज इट डन?" म्हणाली.

"डन," काका म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "टॉर्च नीट धरायचा रे. हलत होता."

मी टॉर्च बंद केला.