धावदोरा घातलेली आसनं

शनिवार, १७ मे. सकाळी नळाला पाणी कमी. औषधाच्या दुकानातून डोळ्यांचे थेंब आणले. दुपारी खाली तणावमुक्तीच्या वर्गाचं उद्घाटन. मला खुर्ची मिळाली. वर्ग मध्येच फुटला. टाचणी हसताना पहिल्यांदा पाहिली.

शेवटची एक ओळ सोडली तर त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. बाकीचं आता लिहिते, कारण टाचणीबद्दल कुणीतरी लिहायला हवं आणि ती स्वतः सुईखेरीज काही हातात धरणार नाही.

टाचणी म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावर कपडे शिवणारी. अंगाने काटकुळी, तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. घरात नवरा, दोन मुली, अंथरुणाला खिळलेली सासू, आणि त्याच घरात थोरला दीर आणि जाऊबाई. डबे, औषधं, मुलींचे गणवेश, सासूचं सगळं, हे उरकेपर्यंत दुपार व्हायची. मग ती पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीनवर बसायची. उजेड डावीकडून यायचा. "काकू, मशीन घरघरायला लागलं की डोक्यातली घरघर थांबते," असं ती मला एकदा म्हणाली होती.

तिच्याकडे एक फडकं होतं. राग आला की ते मशीनखाली घालायचं आणि दात आवळून शिवत सुटायचं. आडवं, उभं, तिरपं. नवरा "वहिनीशी कोण भांडणार, तू समजूतदार आहेस" म्हणाला की चार ओळी. सासूने भरवलेला घास थुंकला की दोन. ते फडकं पुठ्ठ्यासारखं ताठ झालं होतं. डॉक्टरांनी तिला रक्तदाबाची गोळी सुरू केली होती, पण खरं औषध ते फडकं आणि ती खिडकी.

जाऊबाईंना ती खिडकी हवी झाली.

जाऊबाई कुठलंसं शिबिर करून आल्या आणि बायकांना ताणातून मोकळं करायचं त्यांनी मनावर घेतलं. आवाज एकदम मऊ झाला. "श्वास आत घ्या, चिंता बाहेर सोडा," असं त्या भाजीवालीलाही सांगू लागल्या. घरातलं काम मात्र त्यांनी आधीच बाहेर सोडलेलं होतं, ते सगळं टाचणीच्या अंगावर. वर्गाला उजेड लागतो, म्हणून एका सकाळी मशीन उचलून न्हाणीघराशेजारच्या बोळात ठेवलं गेलं. तिथे पिवळा दिवा, ओल, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का.

"जाऊबाई, मला तिथे सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही," टाचणी म्हणाली.

"अगं, उजेड आपल्या आत असतो," जाऊबाई म्हणाल्या.

त्या दिवशी फडक्यात सुई मोडली. बोळात शिवलेल्या कपड्यांच्या बाह्या वाकड्या यायला लागल्या, गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. समोरच्या बँकेतल्या बाईंच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिचा झगा अर्धवट पडून होता. टाचणीचा हात गेला की तिचं सगळंच जाणार होतं. ती मला म्हणाली, "काकू, मला आता कुणाचं भलं चिंतता येत नाही." मी तिला समजावलं नाही. मिशनच्या शाळेत सिस्टर आम्हाला क्षमा शिकवत असत, पण धडा वेळेवर घ्यावा लागतो, आणि जाऊबाईंच्या बाबतीत ती वेळ टळून गेली होती.

मग उद्घाटनासाठी आसनं शिवायचं फर्मान निघालं. पांढऱ्या कापडाची, आत थर्माकोलचे बारीक मणी भरलेली, बसलं की अंगाखाली पसरणारी. टाचणीची पद्धत ठरलेली. आधी मणी भरायचे, मग तोंडाला हाताने धावदोरा घालायचा, म्हणजे लांब लांब कच्चे टाके, फक्त कापड जागेवर राहावं म्हणून. मग आसन दाबून भराव बघायचा आणि शेवटी मशीनवर दुहेरी शिलाई मारायची. शिवणारी कुठलीही बाई हेच करते.

आदल्या संध्याकाळी सगळ्या आसनांना धावदोरा घालून झाला होता, तेवढ्यात जाऊबाई बोळात आल्या. मी टाचणीच्या सासूसाठी पेज घेऊन गेले होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं.

"झाली की! मला वाटलं अजून रेंगाळत असशील."

"जाऊबाई, अजून याला—"

"तुझं रडगाणं नको. मी तुझं मत विचारलंय का? शिवलेली दिसतायत, मला पुरे. माझ्या पाहुण्या उद्या येणार आहेत."

टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक काढून उशीत खोचल्या. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "न्या."

सकाळी वेळ होता, मशीन होतं, दोरा होता. तिने मशीनवर आच्छादन घातलं आणि मुलींच्या वेण्या घातल्या. रात्री गाढ झोप लागली असं तिने मला नंतर सांगितलं.

दुपारी मला बोलावणं आलं. "आजी, तुम्हीही या हं," जाऊबाई म्हणाल्या, "अर्थात तुमच्या वयात कसला आलाय ताण!"

मी त्यांच्याकडे पाहून हसले, आसनाच्या कडेवरून बोट फिरवलं. टाका लांब, सैल, शेवटी गाठसुद्धा नाही. "गुडघे दुखतात हो, मला खुर्चीच द्या," मी म्हणाले.

पुढची खोली बायकांनी भरली. पंखा पूर्ण वेगात. टाचणी पाण्याचे पेले घेऊन दारात उभी. जाऊबाई मधल्या आसनावर डोळे मिटून बसल्या. "सगळा भार खाली सोडा. धरून ठेवू नका. सोडा... सोडा..."

बँकेतल्या बाई अंगाने भारदस्त. त्यांनी मनापासून सोडला.

टर्र झालं. मग डावीकडे टर्र, मागे टर्र. मणी उसळून बाहेर आले आणि पंख्याने ते उचलले. केसांत, कानांत, चष्म्यांवर, घामेजल्या मानांवर मणीच मणी. जाऊबाई नेमक्या "श्वास आत" म्हणत होत्या. त्यांना जो ठसका लागला, तो काही केल्या थांबेना. आणि खोकता खोकता त्यांच्याही खालचं आसन उसवून बसलं.

"हे काय शिवलंस तू?" त्या किंचाळल्या. मऊ आवाज गेला होता.

"शिवलंय कुठे, जाऊबाई?" टाचणीने पेले शांतपणे खाली ठेवले. "तो धावदोरा होता. शिलाई मारायची राहिली होती. तेच काल सांगत होते, तर तुम्ही म्हणालात मत विचारलंय का. नव्हतं विचारलं."

खोलीतल्या निम्म्या बायका तिच्याकडूनच कपडे शिवून घ्यायच्या. धावदोरा म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. आधी एक हसली, मग सगळ्या. बँकेतल्या बाई तर डोळे पुसत म्हणाल्या, "काय मोकळं वाटलं हो! फी वसूल."

"हसताय काय? आणि तू, उभी काय राहिलीस? झाडून काढ हे!"

"मला शिवायचं आहे," टाचणी म्हणाली. "लग्नाचा झगा पडलाय. त्या बोळात दिसत नाही."

बँकेतल्या बाईंचं हसणं तिथेच थांबलं. त्यांनी पदर खोचला. "कुठे आहे गं मशीन? चला, हात लावा चौघी जणी."

मशीन मण्यांवरून करकरत खिडकीखाली आलं. जाऊबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी खुर्चीवरून हलले नाही, मला सगळं नीट बघायचं होतं. टाचणीने सुईत दोरा ओवला, पहिल्या फटक्यात. मग मान वर करून हसली आणि म्हणाली, "जाऊबाई, झाडू दाराआड आहे. आणि श्वास घ्या."

संध्याकाळी नवरा घरी आला. "अगं, वहिनीला काय वाटलं असेल?" त्याचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला.

"विचार तिला. आणि आईला आज तू भरव."

मशीन थांबलं नाही.

वर्ग पुन्हा भरला नाही. बऱ्याच आठवड्यांनी जाऊबाई नवा ड्रेस शिवायला घेऊन आल्या. टाचणीने माप घेतलं, कापडाची घडी घातली आणि अगदी गोड विचारलं, "पक्कं शिवू, की तुम्हाला घाई आहे?" अजूनही ती दर खेपेला हेच विचारते. मी तिला कधीही सांगणार नाही की पुरे झालं.

१७ मेच्या नोंदीतली माझी शेवटची ओळ अशी आहे: चपलांतले मणी गॅलरीत झटकले, केरसुणी झिजली आहे, नवी आणणे.